बटणरावांची मोठी गाडी

बटणराव माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी छातीकडे. यामुळे त्यांची एकदोनदा चांगलीच पंचाईत झाली होती. पण ओळखीतल्या लोकांना ठाऊक होतं की यांची नजर शर्टाच्या पट्टीवरून खाली उतरते, भोकं दोन की चार ते बघते, दोरा कुठे सुटलाय ते टिपते आणि मगच "बोला" म्हणते. त्यांचं खरं नाव बँकेत असेल, मतदार यादीत असेल. बाजारात कुणाच्या ते लक्षात नव्हतं. शर्टाची बटणं बनवण्याचा कारखाना, म्हणून बटणराव. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. उलट फोन उचलताना तेच म्हणत, "बटणराव बोलतोय."

शाळा अर्धवट सुटली तेव्हा ते एका बटणवाल्याकडे खराब माल निवडायला लागले. पुढे लेथवर बसले, पुढे रंग मिसळायला शिकले, आणि म्हाताऱ्या मालकाने धंदा विकायला काढला तेव्हा तो त्यांनीच घेतला. लग्न नवीन होतं, अक्कल कमी होती आणि उधार द्यायला लोक तयार होते. या तिन्ही गोष्टी एकदम जुळून आल्याशिवाय माणूस मालक होत नाही, असं ते स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड आणि पुढे सिमेंटचं आवार. शेडमध्ये शिरलं की रेझिनचा वास आधी नाकात जातो, मग डोळ्यांत. हे रेझिन म्हणजे मधासारखं दाट द्रव. त्यात रंग आणि घट्ट करणारं औषध मिसळून ते फिरत्या ढोलात ओततात. ढोलाच्या आतल्या बाजूला त्याची चादर धरते. ती रबरासारखी मऊ असतानाच सोलून काढायची आणि तिच्या टिकल्या पाडायच्या. क्षण चुकला तर चादर कडक होते, टिकल्या फुटतात आणि दिवसाचा माल भंगारात जातो. तो क्षण मिस्त्रींना कळायचा. मिस्त्री चादरीला अंगठा लावत, जरा थांबत आणि म्हणत, "हं, चला." बटणरावांपेक्षा वयाने मोठे, जुन्या मालकाच्या वेळचे. धंदा घेतला तेव्हा यंत्रांबरोबर मिस्त्रीही आले, असं बटणराव म्हणायचे आणि मिस्त्री त्यावर नाक मुरडायचे.

पण आता ढोल बराच वेळ रिकामाच असे. कपड्यांच्या कंपन्यांनी हात आखडता घेतला होता. जी कंपनी पूर्वी टेम्पो भरून माल न्यायची तिचा माणूस आता पिशवी घेऊन यायचा. टीव्हीवर टाय लावलेले लोक रोज "अनिश्चितता, अनिश्चितता" म्हणून गळा काढत. बटणरावांना त्या शब्दाचा राग यायचा. अनिश्चित कसलं डोंबलाचं? ऑर्डर येत नाही हे अगदी निश्चित होतं. शेडमधली माणसं निम्म्या पाळीवर येत होती, निम्म्या पगारावर जात होती आणि कुणी तोंडातून चकार शब्द काढत नव्हतं. त्या गप्प बसण्याने बटणरावांचा जीव जास्त कासावीस व्हायचा. एखादा भांडला असता तर बरं झालं असतं.

आणि सगळं घोडं अडलं होतं रेझिनपाशी.

रेझिन देणारा व्यापारी एकच होता. त्याच्याकडून माल उधारीवर यायचा. आधी माल, बटणं विकली की पैसे. या धंद्यात रोखीने माल कुणी घेत नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, तर रोखीने घेतला की बोंब होते म्हणून. आज याने रोख मोजले, म्हणजे याला कुणी उधार देईना. उधार देईना, म्हणजे हा बुडाला. संध्याकाळपर्यंत बाजारभर होतं आणि ज्यांचं देणं असतं ते सगळे एकदम दारात उभे राहतात. पैसे देणारा माणूस बुडतोय आणि न देणारा भक्कम आहे, असं समजणाऱ्या लोकांचा तो बाजार. त्याला काय म्हणावं? पण त्यातच आयुष्य काढल्यावर बटणरावांनाही ते अगदी शहाणपणाचं वाटत असे.

बरं, हा रेझिनवाला कुणाला माल द्यायचा आणि कुणाचा बंद करायचा हे ठरवतो कसं? कागद मागत नाही, बँकेत विचारत नाही. सहज म्हणून येतो, चहा पितो, हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि आवारातून एक चक्कर मारून जातो. तेवढ्यात त्याला काय ते कळतं. तो आवारात काय बघतो यावर धंद्यातल्या लोकांची बरीच डोकेफोड झाली होती आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं होतं, की तो मालकाची गाडी बघतो.

बटणरावांची गाडी म्हणजे एक करड्या रंगाचं बारकं प्रकरण होतं. चालकाच्या शेजारचा दरवाजा बाहेरून उघडत नसे. आतून हात लांब करून उघडावा लागे. बायको गाडीबाहेर उभी राहून वाट बघते आणि नवरा आत आडवा होऊन दाराशी झटापट करतोय, हा देखावा शेजाऱ्यांना पाठ होता. तरी बटणराव ती गाडी रोज सकाळी स्वतःच्या हाताने धुवायचे, काच पुसायचे, आणि मगच कारखान्यात जायचे.

"भाऊजी, ही गाडी आधी लपवा कुठेतरी," मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ. त्याला स्वतःचा असा धंदा नव्हता. दुसऱ्यांच्या धंद्यात त्याचं डोकं मात्र भन्नाट चालायचं. "रेझिनवाला आला आणि त्यानं हे बघितलं तर तुमचा माल बंद झालाच म्हणून समजा. या दिवसांत जो मोठी गाडी घेतो ना, त्याच्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. सगळे रडतायत आणि हा गाडी घेतोय, म्हणजे याच्याकडे काहीतरी आहे!"

"इलॅस्टिकवाल्यानं घेतली होती," बटणराव म्हणाले. "बसला की तो घरी."

"तो पोरामुळे बसला. पोरानं उधळलं सगळं. गाडी घेतल्यावर त्याला माल मिळाला की नाही? मिळाला."

मिळाला होता खरा, काही दिवस. बटणरावांनी तो विचार तिथेच सोडला.

बायकोपुढे विषय निघाला तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने घडी थांबवली नाही. "आपल्याला गाडी हवीय, की गाडीवाले म्हणून दिसायचंय?"

"दिसायचंय," बटणराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"आणि पैसे?"

"ठेव मोडू. बाकीचे हप्ते."

"अहो, ती ठेव अडीअडचणीला म्हणून ठेवलीय. तीच मोडायची तर तिचं रेझिन घ्या ना सरळ. ढोल तरी फिरेल."

"रोखीनं?" बटणरावांना ती काहीतरी अभद्र बोलल्यासारखं वाटलं. "अगं, रोखीनं घेतलं तर दुसऱ्या दिवशी लोक दारात येतील!"

"मला तुमचा धंदा कळत नाही," ती म्हणाली. "पण असेल त्या पैशांचं सामान घ्यायचं, यात लाज कसली ते एकदा मला समजावून सांगा." त्यांनी दोनदा सुरुवात केली, दोनदा अडखळले आणि मग चिडून आंघोळीला गेले.

तरीही ते गाडी घेणार नव्हते. बायकोचं म्हणणं आत कुठेतरी पटलं होतं. पण त्याच आठवड्यात मिस्त्री ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लायवूडच्या भिंती घातलेली जागा. मिस्त्री एरवी दारातूनच बोलून जात. त्या दिवशी आत आले, खुर्ची ओढली आणि बसले.

"चेनवाल्यांकडून निरोप आलाय," मिस्त्री म्हणाले.

चेनवाले म्हणजे जॅकेट-पॅन्टच्या चेन बनवणारे, बटणवाल्यांचे जन्माचे वैरी. मिस्त्री त्यांचं नाव घेताना एरवी शिवी दिल्याशिवाय पुढे जात नसत. आज शिवी आली नाही.

"त्यांना पॉलिशच्या खात्यावर अनुभवी माणूस हवाय. पूर्ण पगार. उत्तर लवकर द्या म्हणतायत." मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. अंगठ्याला रेझिनचा जुना पिवळा थर होता, साबणाने न जाणारा. "मालक, मला जायचं नाहीये. पण या वयात मला दुसऱ्यांदा कोण बोलावणार? तुम्ही नुसता एक शब्द टाका. कारखाना चालणार असेल तर मी कुठे हलत नाही. नसेल तर तसं सांगा. मी राग धरणार नाही."

इतकं सरळ बटणरावांना कित्येक दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं: मला माहीत नाही. पण ते म्हणावं तर मिस्त्री जाणार, आणि मिस्त्री गेले की चादरीला अंगठा कोण लावणार? मिस्त्रींशिवाय तो कारखाना म्हणजे नुसती वास मारणारी शेड.

"थोडे दिवस थांबा," बटणराव म्हणाले. "सगळं मार्गी लागतंय."

मिस्त्री गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि मेहुण्याला फोन केला.

गाडीचं शोरूम काचेचं होतं. आत इतकं गार, इतकं शांत, की बटणरावांना आपण कुणाला तरी भेटायला इस्पितळात आलोय असं वाटलं. गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं. विक्रीवाला मुलगा धावतच पुढे आला. बटणरावांची नजर सवयीने त्याच्या कोटावर गेली. मधलं बटण दुसऱ्याच कोटाचं होतं आणि ते झाकायला तो हात पुढे धरून उभा होता. त्याचंही काही फार बरं चाललेलं नसावं.

मुलाने गाडी उघडून दाखवली. सीट आपोआप पुढेमागे होते, छत उघडतं, दार नुसतं टेकवलं तरी स्वतःहून बंद होतं. त्या दाराकडे बटणराव बराच वेळ बघत राहिले. त्यांनी ते दोनदा उघडलं, दोनदा टेकवलं.

"काका, वापर कसा असणार आहे? लांबचे प्रवास, की गावातल्या गावात?"

बटणरावांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा छताकडे बघत होता.

"बहुतेक उभीच असेल," बटणराव म्हणाले. "नुसती उभी राहून बॅटरी उतरते का हो?"

मुलगा हसला. त्याला तो विनोद वाटला. मग हसू आवरून त्याने सांगितलं की अधूनमधून सुरू करत जा. रंग काळा ठरला. काळ्यावर धूळ फार दिसते, असं मुलगा प्रामाणिकपणे बोलून गेला आणि लगेच त्याने जीभ चावली. "दिसू दे," बटणराव म्हणाले, "रोज पुसायचीच आहे." सह्या त्यांनी भराभर केल्या. बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी करतोय, नुसते बसून नाही, याचं त्यांना बरं वाटलं. माणूस बुडताना हातपाय मारतो तेव्हाही त्याला असंच बरं वाटत असेल.

गाडी आवारात आली तेव्हा शेड रिकामी झाली. सगळे बाहेर. लेथवाले हात पुसत आले, निवड करणाऱ्या बायका मांडीवरचा भुसा झटकत आल्या. कुणी काचेतून आत डोकावलं, कुणी आरशात केस सारखे केले. एक बाई म्हणाली, "मालक, बसू का जरा?" आणि "बसा की" म्हटल्यावर ती दार उघडून सीटच्या कडेला टेकली, पाय मात्र बाहेरच ठेवून, आतला गालिचा खराब होईल म्हणून. मग एकेक करून सगळ्या तशाच बसल्या, पाय बाहेर. महिनोन् महिने त्या आवारात असा हसण्याचा आवाज झाला नव्हता. सगळ्यांच्या मागे मिस्त्री उभे होते. ते गाडीजवळ आले नाहीत. पण त्यांनी बटणरावांकडे बघून मान हलवली, चादर नीट सोलली गेल्यावर हलवायचे तशी.

बायको घरून निघून गाडी बघायला आली नाही. "संध्याकाळी घरी आणालच ना," एवढंच फोनवर म्हणाली.

नंतर काही दिवसांनी रेझिनवाला आला. नेहमीसारखाच, सहज म्हणून. हा गृहस्थ बोलायला अतिशय गोड होता. कुणाचाही अपमान करणं त्याला जमत नसे. 'नाही'सुद्धा तो अशा आवाजात म्हणायचा की समोरच्याला आभार मानावेसे वाटत. त्याने गाडीभोवती चक्कर मारली, बॉनेटवर बोट टेकवलं आणि म्हणाला, "अभिनंदन, बटणराव. सुंदर आहे." मग दोघे ऑफिसात बसले. चहा आला. बटणरावांनी फार काळजीपूर्वक, अगदी सहज सुचल्यासारखं, म्हटलं, "तेवढा माल पाठवून द्या या आठवड्यात. जरा जास्तच लागेल यावेळी."

रेझिनवाल्याने कप खाली ठेवला. "पाठवतो ना. यावेळेपासून आपण रोखीनं करू."

बटणरावांना आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "रोखीनं? का हो? गाडी बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली म्हणूनच म्हणतोय," तो खरोखरच वाईट वाटून बोलत होता. "राग मानू नका. लेसवाल्यानं घेतली. इलॅस्टिकवाल्यानं घेतली. लेबलं छापायचा तो, त्यानंही. त्यांचं चांगलं चाललं होतं तेव्हा कुणी घेतली नाही हो. दिवस फिरले की मग घ्यायचे. आणि घेतली की वर्ष काढायचे नाहीत. मी फार पोळलोय, बटणराव. लोक म्हणतात मी गाडी बघतो. बघतो, खोटं कशाला बोलू? तुमची ती जुनी गाडी बघून मी दरवेळी निर्धास्त जायचो. सकाळी धुतलेली असायची. मला वाटायचं, या माणसाला दिखावा करायची गरज नाही. बाकी सगळ्यांचा माल मी बंद केला असता, तुमचा केला नसता."

ठेव गेली होती. रोख द्यायला आता फुटकी कवडी नव्हती. आवारात उभी होती ती गाडी विकायला काढली तर अशा दिवसांत तिला घेणार कोण, आणि विकायला काढल्याचं बाजारात कळलं की उरलंसुरलंही संपलं. त्यांना बायकोची आठवण आली आणि तिच्यासमोर उभं राहायचं या विचाराने अंगाला घाम फुटला. रेझिनवाल्याने उठताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते त्याला दारापर्यंत सोडायला गेले, कारण तशी पद्धत होती.

रेझिनवाला गेला तेव्हा मिस्त्री शेडच्या तोंडाशीच थांबले होते. त्यांनी त्याला हसतमुखाने बाहेर पडताना बघितलं होतं, आणि तो तर नेहमीच हसतमुख असायचा.

"झालं ना काम?" मिस्त्रींनी विचारलं. उत्तराची वाट न बघताच ते पुढे बोलू लागले. एरवी हा माणूस दिवसभरात मोजून बोलणारा, आज त्याचे शब्द आवरत नव्हते. "तुम्हाला सांगायचंच राहिलं, मालक. चेनवाल्यांना मी नाही म्हणून कळवलं. गाडी आली त्याच दिवशी. म्हटलं, आता कशाला? ज्याला पुढचं दिसत नाही तो एवढी मोठी गाडी घेईल का? घरी बायको म्हणत होती, मालकांना एकदा विचारा. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, आवारात उभी आहे की!" ते हसले. "त्यांनी दुसऱ्याला घेतलंसुद्धा. घेऊ देत. चेनवाल्यांचं तोंड कशाला बघायचं या वयात."

आत्ता सांगायला हवं होतं. मिस्त्री, चेनवाल्यांकडे जा, त्यांच्या पाया पडा, पॉलिशवर नाही तर झाडू मारायला तरी ठेवा म्हणा. बटणरावांनी तोंड उघडलं. समोर मिस्त्रींचा शर्ट होता, याच कारखान्यातल्या चार भोकांच्या पांढऱ्या बटणांचा, गळ्यापर्यंत लावलेला. त्यावरून त्यांची नजर वर मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे जाईना. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटत होती की खरं सांगण्याएवढी हिंमतही त्या शरमेने शिल्लक ठेवली नव्हती.

"बरं केलंत," बटणराव म्हणाले.

"मग उद्या कुठला रंग ओतायचा?"

पिंपाच्या तळाशी एकदा ढोल फिरेल एवढं रेझिन असेल नसेल.

"पांढरा," बटणराव म्हणाले.

"पांढरा," म्हणत मिस्त्री ढोल धुवायला आत गेले.